अर्ज नामंजूर झाल्यावर : डॉ. आनंदीबाई जोशी यांची जीवनकथा

वाचकहो, बारावीचे आणि प्रवेश-परीक्षेचे निकाल लागले की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कितीतरी घरांत डॉक्टरीचे अर्ज भरले जातात. मग यादी लागते आणि तीत नाव नसते. गुणच कमी पडले असतील तर तो भाग निराळा. पण कधी कधी गुण असतात आणि तरीही नाव नसते. कागदावर कुठेतरी काहीतरी अडलेले असते. अशा वेळी बाप म्हणतो, किस्मतमध्ये नव्हते. मुलगी पुस्तके बांधून माळ्यावर टाकते. ज्याने नकार दिला त्याला पुन्हा विचारता येते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातच येत नाही. म्हणून या वर्षी स्मरणिकेसाठी मी ज्या बाईचे चरित्र निवडले आहे, तिचे नाव तुम्ही शाळेत ऐकलेले असले, तरी तिचा अर्ज कसा नाकारला गेला आणि पुढे तो कसा मंजूर झाला, ही हकीकत तुम्हाला मुद्दाम सांगावीशी वाटते.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणचे, एके काळी संपन्न, पुढे खालावलेले. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, पोस्टात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले. गोपाळराव विधुर होते आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे या एकाच गोष्टीने या माणसाला झपाटले होते. त्या काळी ही विलक्षण गोष्ट होती, आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्यांची शिकवण्याची रीत कठोर होती. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून त्या पोरीने मारही खाल्ला आहे. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत तिने त्याची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली. पालकहो, मुलांना शिकवण्याच्या हट्टापायी हात उचलणारे आपल्यातही आहेत. आनंदीबाई शिकल्या त्या माराने शिकल्या, असे कोणी समजू नये.

त्यांनी डॉक्टरी का धरली? तेरा-चौदा वर्षांच्या वयात त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या काळी आपल्याकडची बाई पुरुष वैद्यासमोर जाऊन दुखणे सांगत नसे, मग बाळंतपणाची गोष्ट तर दूरच. बाईला बाई डॉक्टर मिळाली असती तर, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात रुजला. आपल्या भागातल्या आया-बहिणींना हे निराळे समजावून सांगायला नको. पडद्यातली बीबी असो की जंगलातल्या टोल्यावरची माडिया बाई असो, पुरुष डॉक्टरसमोर दोघींचीही जीभ सारखीच अडते.

आता नकाराची हकीकत. गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली, तेव्हा तेथील अमेरिकन मिशनऱ्यांशी त्यांची ओळख झाली. ४ सप्टेंबर १८७८ रोजी त्यांनी एक पत्र लिहिले. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, आपल्यालाही तेथे काही काम मिळावे, मदत करा, असा त्याचा आशय होता. हे पत्र वाइल्डर नावाच्या पाद्र्यांकडे पोचले. ते कोल्हापुरात पुष्कळ वर्षे राहून अमेरिकेत परतले होते आणि प्रिन्स्टन येथून मिशनऱ्यांचे एक मासिक काढीत होते. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आणि त्यावरचे उत्तर आपल्या मासिकात १८७९ च्या जानेवारीत छापले. उत्तर असे की अमेरिकेला येण्याचा विचार सोडावा, आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा विचार करावा. मुलीला न पाहता, तिच्याशी एक शब्द न बोलता हा निकाल लागला.

या अर्जात काय चुकले होते, याचा विद्यार्थ्यांनी थोडा विचार करावा. एक तर तो चुकीच्या माणसाकडे गेला. पाद्रीबाबांचे काम धर्मप्रसाराचे होते, आणि त्यांनी आपल्या कामापुरते उत्तर दिले. प्रवेश देणे काही त्यांच्या हाती नव्हते. दुसरे म्हणजे, एकाच पत्रात बायकोचे शिक्षण आणि स्वतःची नोकरी अशा दोन मागण्या होत्या. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या मुलीला शिकायचे होते, तिचा त्यात आवाजच नव्हता. नवऱ्याने तिच्या वतीने लिहिले होते.

गोपाळरावांनी धर्म बदलला नाही आणि विचारही सोडला नाही. इतक्यात दैव म्हणा की योगायोग म्हणा, एक निराळीच गोष्ट घडली. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी तेथे पडलेले जुने मासिक चाळले आणि त्यात तो पत्रव्यवहार वाचला. पाद्रीबाबांचे उत्तर त्यांना पटले नाही. त्यांनी सरळ हिंदुस्थानात पत्र धाडले, आणि मग त्यांचा नि आनंदीबाईंचा पत्रव्यवहार सुरू झाला. चालीरीती, सण, बायकांची दुखणी, सगळे त्यात असे. आनंदीबाईंची प्रकृती बरी नसे, डोके दुखे, ताप येई. कार्पेंटरबाई तिकडून औषधे पाठवीत. दोघी एकमेकींना मावशी-भाची मानू लागल्या. ज्या कागदावर नकार छापला होता, त्याच कागदाने दार उघडणारी बाई शोधून दिली.

मधल्या काळात गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तोपर्यंत आनंदीबाई अमेरिकेला एकट्या जाणार असे ठरले होते, आणि गावोगाव टीका चालू होती. १८८३ च्या २४ फेब्रुवारीला श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलीने भर सभेत इंग्रजीतून भाषण केले. अमेरिकेलाच का, इथे सोय नाही का, एकटी का जातेस, जात वाळीत टाकील त्याचे काय, नापास झालीस तर काय, असे लोक जे जे विचारीत होते ते सगळे तिनेच समोर मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. मद्रासला कॉलेज होते, परंतु तेथे पुरुषांच्या बरोबरीने शिकताना बायकांना सोसावे लागणारे हाल तिला ठाऊक होते. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही तिने निक्षून सांगितले. या भाषणाची बातमी दूरवर गेली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. त्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचीही देणगी होती. आनंदीबाईंनी आपल्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई बंदरावर न्यायला आल्या होत्या.

तरी प्रवेश काही मिळालेला नव्हता, हे लक्षात घ्या. फिलाडेल्फियाचे ते स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज १८५० साली निघाले होते आणि तेही नकारातूनच. इतर कॉलेजे बायकांना दारात उभी करीत नसत. त्याआधी १८४७ साली एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईने कॉलेजामागून कॉलेजाकडे अर्ज केले आणि नकार घेतले. शेवटी जिनिव्हा या लहानशा गावच्या कॉलेजने निर्णय विद्यार्थ्यांवर सोपविला. पोरांनी थट्टेत होकार भरला आणि बाई खरोखरच शिकायला हजर झाली. १८४९ साली ती डॉक्टर होऊन बाहेर पडली. तेव्हा फिलाडेल्फियाच्या लोकांना बंद दारांची कल्पना होती. पण त्यांचेही प्रवेशाचे नियम होते, आणि घरी नवऱ्यापाशी शिकलेली आनंदीबाई त्या नियमांत सगळ्या बाजूंनी बसत नव्हती.

२८ जून १८८३ ला रोझेलहून त्यांनी कॉलेजच्या कार्यकारी समितीच्या सचिवांना पत्र लिहिले. या खेपेस पत्र त्यांचे स्वतःचे होते. आपले वय, आपण काय शिकलो, कोठवर शिकलो, हे त्यांनी जसे आहे तसे सांगितले. फुगवून काही सांगितले नाही. सर्व अटी आपण पुऱ्या करीत नाही, हेही स्वतःच कबूल केले. मग आपली बाजू मांडली. आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात, आणि त्यांच्यासाठीच आपल्याला शिकायचे आहे. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण येथवर आलो, तो निर्धार अभ्यासातही कामी येईल. असा एकूण रोख. आर्जव होते, पण रडगाणे नव्हते. कॉलेजच्या डीन डॉ. रेचल बॉडली यांनी आणि समितीने ते मान्य केले. प्रवेश मिळाला आणि खर्चासाठी साहाय्यही मिळाले.

पालकहो, इथे थोडे थांबून आपल्या घरचे बोलू. आज एमबीबीएसला मुलाखत नाही, नीट परीक्षेच्या गुणांवर यादी लागते. गुण कमी असतील तर कितीही सुंदर पत्र लिहिले तरी जागा मिळणार नाही, हे साफ सांगितलेले बरे. पण आपल्या मुलांचे अर्ज पुष्कळदा कागदावरच अडतात. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, आधारवर मो., तिसऱ्याच कागदावर महंमद. आपल्यातल्या अनेक जमाती इतर मागासवर्गात येतात, पण नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत संपून गेलेली. जात पडताळणीचे प्रकरण पडून राहिलेले. तात्पुरती यादी लागल्यावर हरकत नोंदवायला काही थोडे दिवस मिळतात. सिरोंचा, अहेरी, एटापल्लीच्या माणसाला ते दिवस सरल्यावरच कळते. हरकत देताना आनंदीबाईंचे ते पत्र आठवा. ज्याच्या हाती निर्णय आहे त्यालाच लिहा. मागणी एकच ठेवा. उणीव लपवू नका, तिचे कारण आणि पुरावा जोडा. आणि हे सगळे मुलीलाच लिहू द्या, तुम्ही शेजारी बसा. कोणा पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन मुंबईला खेटे घालणारे बाप मी पाहिले आहेत. त्यातले बरेचसे पाद्रीबाबांनाच पत्र लिहीत असतात, असे मला वाटते.

आपल्या मुलांना पूर्वी घर सोडून नागपूर गाठावे लागे, तेथले शासकीय कॉलेज १९४७ चे. नाहीतर सेवाग्राम, ते १९६९ चे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले. दार जवळ आले आहे.

आनंदीबाईंकडे परत येऊ. फिलाडेल्फियाची थंडी त्यांना मानवली नाही. पायात साधे बूट, अंगावर नऊवारी साडी, खोलीतली शेगडी धूर करणारी, आणि जेवण हाताने करून शाकाहारीच. खोकला मागे लागला. त्या कॉलेजात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पेहरावात बसल्या आहेत : आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियातील दमास्कसच्या साबात इस्लामबूली. तीन देश, तीन धर्म, आणि तिघींनाही आपापल्या देशातल्या बायकांना औषध द्यायचे होते. आपल्या मुलींनी हे चित्र एकदा अवश्य पाहावे.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्रावर होता. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, गोपाळरावही पोचले होते. कोल्हापूर संस्थानाने तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना देऊ केली. ज्या गावाहून ते पहिले पत्र निघाले, त्याच गावाने बोलावले होते. त्या मुंबईला पोचल्या त्या १६ नोव्हेंबर १८८६ रोजी, परंतु क्षयाने खंगून. कोल्हापूरची जागा रिकामीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाला बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. एकाही रुग्णावर स्वतंत्रपणे इलाज करायला त्यांना वेळ मिळाला नाही.

मग उपयोग काय झाला, असे एका विद्यार्थिनीने मला विचारले होते. प्रश्न रास्त आहे. मी तिला रखमाबाईंचे नाव सांगितले. मुंबईच्या या मुलीने नको असलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात झुंज दिली, विलायतेला जाऊन १८९४ साली डॉक्टरीची परीक्षा पास केली आणि पुढे सुरत आणि राजकोट येथे अनेक वर्षे बायकांचे दवाखाने चालविले. रखमाबाई परदेशी निघाल्या, तेव्हा एक मराठी मुलगी जाऊन डॉक्टर होऊन आली होती, ही गोष्ट साऱ्या मुलखाला माहीत होती.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पकीप्सी गावच्या कबरस्तानात, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या पुरल्या आहेत आणि वर त्यांच्या नावाचा दगड आहे. त्यांच्या नावापुढे एम.डी. ही अक्षरे कोरलेली आहेत.