राजकवी भास्कर रामचंद्र तांबे

भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म १८७३ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली येथे झाला. देवास येथे ते राजपुत्राचे शिक्षक होते. उपजीविका संस्थानी चाकरीत आणि भोवती हिंदी-उर्दूचे वातावरण असूनही त्यांची काव्यवाणी मराठीच राहिली. उत्तरेकडील संगीताने तिला गेयता दिली. मात्र महाराष्ट्रापासून दूर असल्याने ही कविता दीर्घकाळ विखुरलेली होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९२० मध्ये, वा. गो. मायदेव यांनी ती प्रथम ग्रंथरूपात आणली. १९३५ मध्ये माधव जूलियन यांनी समग्र संग्रह सिद्ध केला. १९३७ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने त्यांना राजकवी केले. १९४१ मध्ये ते निवर्तले. माळव्याची भूमी मराठी कवितेस परकी नाही, हा विश्वास इंदूर-बेटम्याच्या वाचकांस त्यांच्याच ग्रंथाने दिला.