तंजावरचे श्वार्ट्झ

कावेरीच्या पाण्यावर पोसलेला तंजावरचा मुलूख भाताचे कोठार म्हणून पूर्वापार प्रसिद्ध आहे. अशा सुपीक प्रदेशात १७८१ ते १७८३ या काळात माणसे अन्नावाचून रस्त्यात मरून पडत होती. या दिवसांत तंजावरच्या किल्ल्यातील लोकांना ज्यांनी तारले, ते कोणी राजे वा सरदार नव्हते; ते दूरदेशीचे एक पाद्री होते.

ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील सोननबुर्ग या गावी झाला. हाले येथे शिक्षण घेऊन ते १७५० साली तरंगमबाडी या डॅनिश ठाण्यावर उतरले आणि तमिळ भाषा शिकून लोकांत मिसळले. पुढे ते तिरुचिरापल्लीस गेले व १७७८ पासून तंजावरला राहिले. तेथे त्या वेळी भोसले घराण्यातील तुळजाजी राजांचे राज्य होते. राजवाड्यात मराठी आणि शेताशिवारात तमिळ, असे ते शहर होते.

मद्रासच्या इंग्रज सरकारने १७७९ साली श्वार्ट्झ यांना बोलणी करण्यासाठी हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला पाठविले. निघताना हैदरने वाटखर्चासाठी तीनशे रुपये दिले. ते त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाहीत. तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी लावले. हा साधेपणा हैदरच्या लक्षात राहिला असावा. पुढच्याच वर्षी त्याने कर्नाटक प्रांतावर स्वारी केली, तेव्हा या पाद्र्याला कोणी अडवू नये, अशी ताकीद त्याने आपल्या सैन्याला दिली होती.

युद्धाने तंजावर उजाड झाले. कालवे फुटले, गुरे गेली, शेतकरी परागंदा झाले. किल्ल्यात शिपाई व रयत उपाशी होती. बाहेर खेड्यांत धान्य अगदीच नव्हते असे नाही. पण ते वाहून आणायला बैल नव्हते आणि जे होते ते द्यायला कोणी तयार नव्हते. पूर्वी सरकारी माणसांनी धान्य व बैल नेले आणि मोबदला दिला नाही, हे लोक विसरले नव्हते. आपल्या शब्दावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही, हे खुद्द राजांनीही मान्य केले आणि श्वार्ट्झ यांच्या नावाने प्रयत्न करून पाहावा असे ठरले.

श्वार्ट्झ यांनी गावोगाव निरोप धाडले: पैसे मी स्वतःच्या हाताने चुकते करीन. एक-दोन दिवसांत सुमारे हजार बैल किल्ल्याशी आले! थोड्याच अवधीत ऐंशी हजार कलम धान्य आत पोहोचले. (कलम हे तमिळ मुलखातील धान्याचे माप होय.) दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी प्रत्येकाचे पैसे दिले.

युद्ध संपले, तरी जमिनी पडीकच होत्या. जुलमाला भिऊन गेलेले शेतकरी परत यावेत म्हणून पुन्हा श्वार्ट्झ यांनाच मध्यस्थी करावी लागली. त्यांनी हमी देताच एका दिवसात सुमारे सात हजार माणसे परत आली. हंगाम निघून चालला होता. त्यांनी रात्रीही काम करून पेरण्या उरकल्या.

तुळजाजी राजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी आपले दत्तक पुत्र सरफोजी यांना श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविले. हा भार त्यांनी प्रथम घेतला नाही. पण राजवाड्यात त्या मुलाची आबाळ होऊ लागली, तेव्हा ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. सरफोजी त्यांच्याजवळ शिकले, मात्र आपल्या धर्मातच राहिले. विद्येची जी गोडी त्यांना लागली, तिच्यामुळे पुढे त्यांच्या काळात सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आले.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांचे तंजावरला निधन झाले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. त्यांनी इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आजही पाहता येते. त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि तरुण सरफोजी राजे त्यांचा हात हाती घेऊन उभे आहेत.