कै. बाबूराव पेंढारकर

चित्रपटातील दुष्ट मनुष्य आरडाओरड न करताही भयप्रद ठरतो, हे कोल्हापूरच्या कै. बाबूराव पेंढारकरांनी (१८९६-१९६७) दाखवून दिले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त ते खलपुरुष झाले. त्यांचा खलपुरुष सभ्य, मितभाषी. थंड नजरेनेच तो आपले काम साधी. १९३६ मध्ये मास्टर विनायक व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासमवेत त्यांनी ‘हंस पिक्चर्स’ स्थापिली. तरी रसिकांच्या मनी ठसला तो खलनायकच. अशा नटाकडे आचार्य अत्र्यांनी १९५४ साली महात्मा फुल्यांची भूमिका सोपविली. हे धाडसच! ज्या मुद्रेचा धाक वाटे, तिच्यावरच प्रेक्षकांनी आता करुणा पाहिली. त्या चित्रपटास राष्ट्रपतींचे रौप्यपदकही लाभले. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये (१९५७) ते तुरुंगाधिकारी झाले, करडे खरे, पण दुष्ट नव्हेत.