सिड बॅरेट : पहाटेच्या दारातील वेणुवादक

‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडची पहिली ध्वनिमुद्रिका ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ ऑगस्ट १९६७ मध्ये प्रकाशित झाली. तिच्यातील ११ रचनांपैकी ८ एकट्या सिड बॅरेट यांच्या होत्या. त्या वेळी ते अवघे २१ वर्षांचे होते. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच त्यांचा बँडशी असलेला संबंध संपुष्टात आला.

रॉजर कीथ बॅरेट यांचा जन्म ६ जानेवारी १९४६ रोजी केंब्रिज येथे झाला. ‘सिड’ हे त्यांचे टोपणनाव. वडील विकृतिशास्त्रज्ञ होते. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये बॅरेट चित्रकलेच्या शिक्षणासाठी लंडनला आले. तेथे रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमवेत त्यांनी बँड उभा केला. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांवरून बँडचे नावही त्यांनीच सुचवले.

मनाच्या बदललेल्या अवस्था ध्वनीतून साकारू पाहणारे सायकेडेलिक संगीत तेव्हा लंडनमध्ये मूळ धरत होते. बॅरेट गिटारच्या तारांवरून सिगारेट लायटर सरकवत आणि प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्रातून ते सूर घुमवत. अ‍ॅबे रोड स्टुडिओत निर्माते नॉर्मन स्मिथ यांच्या देखरेखीखाली पहिली ध्वनिमुद्रिका तयार होत असताना, त्याच वास्तूत बीटल्सचेही ध्वनिमुद्रण सुरू होते. केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ या बालकादंबरीतील एका प्रकरणाचे शीर्षक बॅरेट यांनी ध्वनिमुद्रिकेला दिले. बागेतला बुटका, मांजर, सायकल, बुजगावणे असे बालविश्व आणि अथांग अंतराळ या दोन्हींना तिच्यात स्थान मिळाले. ब्रिटनच्या विक्रीयादीत तिने सहावा क्रमांक गाठला.

यश दाराशी आले असतानाच बॅरेट यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळू लागले. एलएसडी या भ्रमकारी अमली द्रव्याचे सेवन त्यांनी बरेच केले होते. कार्यक्रमात ते कधी एकच सूर वाजवत राहत, तर कधी नुसतेच उभे असत. त्यांच्या मदतीसाठी केंब्रिजचेच मित्र डेव्हिड गिल्मोर यांना बँडमध्ये घेण्यात आले. जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघालेल्या सहकाऱ्यांनी वाटेत बॅरेट यांना सोबत न घेण्याचे ठरवले. एप्रिलमध्ये त्यांचे बाहेर पडणे अधिकृतपणे जाहीर झाले.

१९७० मध्ये त्यांच्या दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाल्या. पुढे मात्र त्यांनी संगीतक्षेत्राकडे पाठ फिरवली. जून १९७५ मध्ये ते अचानक अ‍ॅबे रोड स्टुडिओत आले. तेव्हा त्यांना उद्देशून रचलेल्या गीतावर बँडचे काम सुरू होते. डोक्यावरचे आणि भुवयांचे केस काढलेल्या या स्थूल पाहुण्याला जुन्या सहकाऱ्यांनी प्रथम ओळखलेच नाही. ओळख पटल्यावर काहींना अश्रू अनावर झाले.

उर्वरित आयुष्य बॅरेट यांनी केंब्रिजमध्ये चित्रे काढण्यात आणि बागकामात घालवले. ‘सिड’ हे नाव मागे टाकून ते पुन्हा रॉजर झाले होते. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दाराशी येत राहिले. त्यांनी मात्र मौन सोडले नाही. ७ जुलै २००६ रोजी, वयाच्या ६०व्या वर्षी, त्यांचे कर्करोगाने निधन झाले. कीर्तीने त्यांचा पिच्छा कधीच सोडला नाही. त्यांनी स्वतःसाठी निवडले होते ते एक साधे घर आणि त्यामागची बाग.