मृत नगरांचा वाचक : सर ऑरेल स्टाइन

पूर्वी ज्या प्रदेशास चिनी तुर्कस्तान म्हणत, त्यांत तक्लामकान नांवाचें विस्तीर्ण वाळवंट आहे. त्याच्या दक्षिणेस कुनलुन पर्वत आहे. त्या पर्वताच्या बर्फावर पोसलेल्या नद्या वाळवंटांत शिरतात आणि कांहीं अंतरावर वाळूंतच जिरून जातात. प्राचीन काळीं ह्या नद्यांच्या कांठीं, कालव्यांच्या पाण्यावर नगरें वसलीं होतीं. हिंदुस्थान व चीन यांमधील व्यापारी आणि भिक्षु तेथें मुक्काम करीत. पुढें पाणी तुटलें, माणसें घरें सोडून गेलीं आणि वाळूनें सर्व कांहीं झांकून टाकलें. ह्या मुक्या नगरांना ज्यांनीं पुन्हां बोलतें केलें, त्या पंडिताचें चरित्र मनन करण्याजोगें आहे.

ऑरेल स्टाइन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८६२ रोजीं हंगेरींतील बुडापेस्ट येथें झाला. आईबाप उतारवयाचे असल्यामुळें त्यांच्या शिक्षणाचा भार एकवीस वर्षांनीं वडील असलेले बंधु व मामा यांनीं वाहिला. संस्कृत व प्राचीन इराणी भाषांचा त्यांनीं कसून अभ्यास केला. पूर्वी मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत प्राध्यापक असलेले डॉ. ब्यूलर हे व्हिएन्ना येथें त्यांचे गुरु होते. लष्करी सेवेच्या एका वर्षांत ते जमिनीची मोजणी व नकाशे काढणें शिकले. ही विद्या पुढें वाळवंटांत त्यांच्या फार कामीं आली.

१८८८ सालीं ते लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. सुट्ट्या काश्मीरांत घालवून तेथील पंडितांच्या साह्यानें त्यांनीं कल्हणाच्या राजतरंगिणीची संशोधित प्रत सिद्ध केली. ती १८९२ सालीं मुंबईस छापली गेली.

१९०० च्या मे अखेरीस स्टाइन श्रीनगराहून निघाले. पुढील जानेवारींत ते निया येथें पोंचले. तेथें इब्राहीम नांवाच्या एका गांवकऱ्यास वाळूंत लिहिलेल्या लांकडी फळ्या सांपडल्या होत्या. कांहीं त्यानें वाटेवर टाकून दिल्या व उरलेल्या मुलांस खेळावयास दिल्या. मुलांनीं त्या मोडून टाकल्या. स्टाइन यांनीं मात्र त्यांवरील लिपि तत्काळ ओळखली. ती हिंदुस्थानच्या वायव्य भागांतील खरोष्ठी होती व भाषा प्राकृत होती! इब्राहीमास वाटाड्या करून ते वाळूंत शिरले. तेथें घरांचे खांब उभे होते आणि बागांत सुकलेलीं झाडें रांगेनें उभीं होतीं. कचऱ्याचा एक ढीग उपसतांना शतकानुशतकांचा दर्प अजून येत होता. त्यांतूनच पुष्कळ फळ्या निघाल्या. कांहींवर मातीच्या मुद्रा जशाच्या तशा होत्या व त्यांवर ग्रीक देवतांच्या आकृति होत्या. पुढें विद्वानांनीं हे लेख वाचले, तेव्हां राजाज्ञा, जमिनीचे तंटे, पाण्याचीं व जनावरांचीं भांडणें, असा सुमारें सतराशें वर्षांपूर्वीचा नित्याचा संसार उघड झाला.

ह्याच सफरींत त्यांनीं एक लबाडी उघडकीस आणली. इस्लाम आखून नांवाचा इसम अज्ञात लिपींतील जुनीं पुस्तकें म्हणून बनावट कागद विकीत असे. मोठमोठे पंडित तीं लावण्यांत वर्षें खर्चीत होते. स्वतःच्या उत्खननांत असा एकहि कागद मिळत नाहीं, हें पाहून स्टाइन यांस संशय आला. १९०१ च्या एप्रिलांत खोतान येथें त्यांनीं त्याची तपासणी केली व अखेर त्याजकडून कबुली घेतली.

१९०७ सालीं दुन्हुआंग येथील लेण्यांत, शतकानुशतकें बंद असलेल्या कोठडींतील ग्रंथभांडार त्यांच्या दृष्टीस पडलें. तेथील रखवालदार वांग यांस मंदिराच्या दुरुस्तीसाठीं थोडी देणगी देऊन त्यांनीं हस्तलिखितांच्या चोवीस व चित्रादिकांच्या पांच पेट्या नेल्या. त्यांत इ. स. ८६८ मधील वज्रच्छेदिका सूत्राची मुद्रित प्रत होती. काल नमूद असलेलें सर्वांत जुनें मुद्रित पुस्तक तें हेंच. चिनी विद्वानांनीं ह्या व्यवहाराबद्दल त्यांस कडक दोष दिला आहे आणि तो दोष निराधार नाहीं. १९३० सालची त्यांची चौथी सफर चीनमधील विरोधामुळेंच फसली. थोर पुरुषाचें चरित्र वाचतांना असे प्रसंग झांकून ठेवूं नयेत.

१९०८ सालीं कुनलुनच्या हिमनदीवर त्यांचा पाय बर्फानें दुखावला. लेह येथें मोराव्हियन मिशनच्या वैद्यांनीं उजव्या पायाचीं बोटें कापलीं. तरीहि पांच वर्षांनीं ते तिसऱ्या सफरीस निघाले! ते अविवाहित होते. काश्मीरांतील मोहंद मर्ग पठारावर तंबूंत राहून ग्रंथ लिहिणें हाच त्यांचा विसावा होता. अफगाणिस्तानांत संशोधन करण्याची तरुणपणापासूनची इच्छा अखेर १९४३ सालीं फळास आली. परंतु काबूलास पोंचल्यावर आठवड्याभरांतच, २६ ऑक्टोबर रोजीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षाच्या अखेरीस त्यांनीं देह ठेवला. त्यांची कबर तेथेंच आहे.

विद्यार्थिमित्रहो, इब्राहीमाच्या हातीं त्या फळ्या आधीं आल्या होत्या; परंतु त्याला तें लांकूड होतें, स्टाइन यांना तें पत्र होतें. दोघांमध्यें अंतर होतें तें केवळ तरुणपणीं एका खोलींत बसून घोटलेल्या व्याकरणाचें. आज नीरस वाटणारा धडा उद्यां कोणतें दार उघडील, हें कोणास सांगतां येईल?