गणितज्ञ ऑयलर

स्वित्झर्लंडमधील बाझेल नगरात १५ एप्रिल १७०७ रोजी लेओनार्ड ऑयलरचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नूली या विख्यात गणितज्ञाने मुलाची बुद्धी ओळखली आणि वडिलांचे मन वळविले. विसाव्या वर्षी ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्परिषदेत दाखल झाला.

तेथे त्याचे लक्ष ४,२९,४९,६७,२९७ या संख्येकडे वेधले गेले. बत्तीस दोन मांडून त्यांचा गुणाकार केला व त्यात एक मिळविला, की ही संख्या येते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, असे सुमारे नव्वद वर्षांपूर्वी थोर फ्रेंच गणितज्ञ फर्मा याने मानले होते. फर्माचे मत खोडण्यास धैर्यच हवे! १७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या ऑयलरने दाखवून दिले, की तिला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. पुढे त्याने त्यामागील नियमही सिद्ध केला. या संख्येच्या कोणत्याही विभाजकातून एक वजा केल्यास बाकीला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. मग क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच मूळ संख्या तपासावयाच्या. पाचवीनेच काम होते.

१७३८ च्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. बर्लिनमध्ये पंचवीस वर्षे काढून १७६६ मध्ये तो पीटर्सबर्गला परतला आणि लवकरच मोतीबिंदूने डावा डोळाही निकामी केला. १७७१ मध्ये घराला आग लागली. बाझेलच्याच एका कारागिराने त्या दृष्टिहीन वृद्धाला उचलून बाहेर आणले, म्हणून तो वाचला. तरीही त्याचे काम थांबले नाही. लांबलचक आकडेमोड तो मनातल्या मनात करी व मजकूर दुसऱ्यांकडून लिहवून घेई.

अशा स्थितीत १७७२ मध्ये त्याने बेर्नूलींच्या नातवाला पत्राने कळविले, की २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे. एकतीस दोनांच्या गुणाकारातून एक वजा केला, की ही संख्या मिळते. हे काम पहिल्याहून कठीण होते. संख्या मूळ नाही हे दाखविण्यास एक विभाजक पुरतो; ती मूळ आहे हे ठरविण्यास मात्र एकही विभाजक नाही, अशी खात्री करावी लागते. तिचे दोन अवयव पडलेच, तर लहान अवयव ४६,३४० हून मोठा असू शकत नाही. कारण ४६,३४१ चा वर्गच या संख्येपेक्षा मोठा आहे. शिवाय ऑयलरने सिद्ध केले, की तिच्या मूळ विभाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. त्यामुळे हजारो संख्यांऐवजी चारशेहून कमी संख्यांचाच विचार उरला, आणि त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. पुढे कित्येक दशके तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती.

१७८३ मध्ये फ्रान्समध्ये मोठे फुगे आकाशात चढविले गेले. त्यांच्या गतीचे गणित ऑयलरने पाटीवर मांडले होते. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला तो वारला, तेव्हा ते आकडे पाटीवर तसेच होते.