तमाशापटाची टर उडवली आणि इतिहास घडवला. दादा कोंडकेंची गोष्ट

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये दोन वर्षांहून जास्त मुक्काम ठोकून बसला. मग काय, तमाशापटांची रांगच लागली. फेटेवाला पाटील, फडावरची नर्तकी, सवाल-जवाब आणि उद्ध्वस्त संसार. दहा वर्षांत प्रेक्षकांना हा साचा पाठ झाला.

या साच्याला वाकुल्या दाखवणारा गडी आला तो मुंबईच्या गिरणगावातून.

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, नायगावातल्या गिरणी कामगाराच्या घरातला. अपना बाजारमधली नोकरी, सेवा दलाचं कलापथक असं करत ते वगनाट्यात आले. १९६५ मध्ये वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आलं आणि त्यातला हवालदार दादांनी गाजवला.

आता तमाशाची गंमत अशी की, राजा सिंहासनावर बसतो न बसतो तोच सोंगाड्या त्याची फजिती करतो. म्हणजे स्वतःवर हसणं हा तमाशाचाच जुना नियम. दादा तर ताज्या राजकारणावर ऐनवेळी कोट्या करायचे. म्हणूनच पंधराशेहून जास्त प्रयोग होऊनही ‘विच्छा’ शिळं झालं नाही.

१९७१ मध्ये दादांनी हाच नियम पडद्यावर आणला. ‘सोंगाड्या’ची निर्मिती त्यांची, लेखन सबनीसांचं. इथे नर्तकीवर भाळतो तो रुबाबदार पाटील नव्हे, तर अर्ध्या चड्डीतला भोळा नाम्या. तमाशापट स्वतःलाच हसला.

मग तमाशापट संपला का? मुळीच नाही. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा गंभीर ‘पिंजरा’ तुफान चालला. इकडे दादांचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

पण यशाने एक घोळ केला. ती अर्धी चड्डी, द्वयर्थी संवाद आणि भोळा नायक हाच नवा साचा झाला. दुसऱ्यांच्या साच्यावर हसवणारे दादा आता स्वतःचाच साचा गिरवू लागले.

दरम्यान प्रेक्षक पुढे सरकला. १९८८ मध्ये त्याला ‘अशी ही बनवाबनवी’ने वेड लावलं. त्याचे संवादही सबनीसांचेच होते, पण फड नव्हता, पाटील नव्हता, अर्धी चड्डीही नव्हती.

दादा अखेरपर्यंत आपल्याच पद्धतीचे सिनेमे करत राहिले. १४ मार्च १९९८ रोजी त्यांचं निधन झालं.